चाला, पण रक्तदाब मोजत राहा

दिवस गेले की घरातली वडीलधारी माणसं बजावतात, "आता फार हिंडू-फिरू नकोस." मायेनंच सांगतात. पण नुसतं पडून राहिल्यानं प्रीएक्लॅम्प्सिया टळत नाही. तो टाळण्यासाठी घरी विश्रांतीचा सल्ला देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्येच सांगितलं आहे.

हा आजार दिसतो विसाव्या आठवड्यानंतर. रक्तदाब १४०/९० किंवा त्यावर जातो, बहुधा लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात. विकोपाला गेला तर झटके येतात, आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततं. मुळं मात्र आधीच, वारेत रुजलेली असतात. सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाशयातल्या रक्तवाहिन्या रुंदावून वारेला भरपूर रक्त मिळायला हवं. ते नीट झालं नाही, की उपाशी वार आईच्या रक्तात असे घटक सोडते की तिच्या रक्तवाहिन्यांचं अस्तरच बिघडतं. नियमित व्यायामानं हे अस्तर निरोगी राहायला मदत होते. साखर आणि वजनही आटोक्यात राहतं.

कॅनडातल्या मार्गी डेव्हनपोर्ट आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा व्यायाम करणाऱ्यांमध्ये प्रीएक्लॅम्प्सियाची शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी कमी दिसली. तिथल्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात: आठवड्याला १५० मिनिटं, किमान तीन दिवसांत विभागून. झपझप चालावं, बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये, इतपत. डेन्मार्कमधल्या मोठ्या पाहणीत मात्र असा फायदा दिसला नाही. उलट, आठवड्याला २७० मिनिटांहून जास्त व्यायाम करणाऱ्यांत तीव्र स्वरूपाचा आजार अधिक आढळला. त्यामुळे अतिरेक नकोच. आणि उसाच्या फडात दिवसभर मोळ्या उचलणाऱ्या बाईला वर "चालायला जा" सांगणं तर निव्वळ क्रूरपणा. तिला हवी आहे सुट्टी आणि तपासणी.

आधीच्या खेपेला हा त्रास झाला असेल, जुळं असेल, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर डॉक्टर सोळाव्या आठवड्याआधी कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू करतात. तिची जागा चालणं घेऊ शकत नाही. आजाराचं निदान झालं, की व्यायाम थांबवायचा. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे चमकणं, बरगड्यांखाली दुखणं, चेहरा एकाएकी सुजणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. एरवी दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. रक्तदाब आणि लघवी तिथे तपासून घ्या.