नाताळ कार्यक्रमाची चित्रफीत : चर्चमधील सादरीकरण आणि जाहीर प्रसारण यांत फरक कोणता?

अहिवारा (जि. दुर्ग, छत्तीसगड) : मुलांनी सादर केलेली ख्रिस्तजन्माची नाटिका, तरुणांची समूहगीते आणि मेणबत्त्यांच्या प्रकाशातील प्रार्थना हे नाताळ कार्यक्रमाचे परिचित रूप आता चर्चच्या चार भिंतींपुरते उरलेले नाही. मोबाईलवर टिपलेली चित्रफीत काही तासांत यूट्यूबवर पोहोचते. मात्र चर्चमध्ये गीत गाणे आणि त्या गायनाची चित्रफीत जगासाठी खुली करणे या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या कृती आहेत. हा भेद आधीच लक्षात घेतल्यास मंडळीची मेहनत वाया जात नाही आणि मंचावरील बालकांचे हितही जपले जाते.

भिलाई पोलाद प्रकल्पाला चुनखडी पुरविणाऱ्या नंदिनी खाणीच्या परिसरात अहिवारा हे नगर वसले आहे. सोव्हिएत संघाबरोबर १९५५ मध्ये झालेल्या करारातून हा प्रकल्प उभा राहिला आणि १९५९ मध्ये त्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. रोजगारासाठी देशाच्या सर्व भागांतून लोक आल्याने भिलाईला ‘लघु भारत’ म्हटले जाते. अशा वसाहतींतील कुटुंबांचे नातलग दूरदूरच्या राज्यांत असतात. नातवंडाने केलेली मेंढपाळाची भूमिका आजी-आजोबांना पाहता यावी, एवढाच चित्रीकरणामागील हेतू अनेकदा असतो.

गीतांचे हक्क

प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये काही सवलती आहेत. प्रामाणिक धार्मिक विधीच्या ओघात होणारे संगीताचे सादरीकरण हक्कभंग ठरत नाही. हौशी संस्थेने विनाशुल्क प्रेक्षकांसमोर अथवा धार्मिक संस्थेच्या साहाय्यार्थ केलेल्या सादरीकरणालाही संरक्षण आहे. परंतु या सवलती सादरीकरणापुरत्या आहेत. तेच गीत चित्रफितीत समाविष्ट करून इंटरनेटवर प्रसारित करण्याचा परवाना त्यांतून आपोआप मिळत नाही.

भारतात गीतकार व संगीतकाराचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे असतो. ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ येथे २४ डिसेंबर १८१८ रोजी प्रथम गायिले गेलेले ‘सायलेंट नाइट’ आज सर्वांसाठी खुले आहे. योसेफ मोहर यांचे शब्द आणि फ्रान्झ ग्रुबर यांची चाल कोणीही वापरू शकतो. तथापि त्याच गीताचे अलीकडील भाषांतर किंवा एखाद्या कंपनीने काढलेले ध्वनिमुद्रण मुक्त असेलच असे नाही. चित्रपटगीताच्या चालीवर नवे शब्द बसविले, तरी चालीचा हक्क मूळ धन्याकडेच राहतो.

मराठी मंडळ्यांपाशी या बाबतीत मोठा ठेवा आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे निधन १९१९ मध्ये झाले. त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या गीतांचे शब्द केव्हाच प्रताधिकारमुक्त झाले आहेत. विशेष म्हणजे टिळकांच्या जीवनाला कलाटणी देणारा प्रसंग याच भागाशी निगडित आहे. नागपूरहून दुर्गशेजारच्या राजनांदगावकडे रेल्वेने जात असताना एका मिशनऱ्याने त्यांच्या हाती बायबल दिले होते. पुढे १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळकांची गीते स्वतःच्या पेटी-तबल्यासह गाऊन मुद्रित करणे हा सर्वांत निर्धोक मार्ग आहे. केवळ वापरलेली चाल जुनी व मुक्त आहे, याची खात्री करून घ्यावी.

यूट्यूबची स्वयंचलित यंत्रणा चित्रफितीतील ध्वनी नोंदणीकृत मुद्रणांशी ताडून पाहते. साम्य आढळल्यास चित्रफीत रोखली जाऊ शकते किंवा तिच्यावरील जाहिरातींचे उत्पन्न हक्कधारकाकडे वळविले जाते. हक्कधारकाच्या औपचारिक तक्रारीवरून ९० दिवसांत तीन वेळा कारवाई झाल्यास संपूर्ण वाहिनी बंद होण्याचा धोका असतो. तसे घडल्यास मागील अनेक वर्षांच्या चित्रफितीही हातच्या जातात. म्हणून मूळ प्रती स्वतंत्र हार्ड डिस्कवर ठेवणे आवश्यक ठरते.

मुलांची ओळख आणि संमती

गव्हाणीच्या देखाव्यात देवदूत, मेंढपाळ, मागी हे बहुधा लहान मुलेच असतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ ने १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानून तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीचे तत्त्व स्वीकारले आहे. तालमीच्या काळातच पालकांकडून लेखी संमती घेणे हिताचे असते. चित्रफीत कोठे दिसणार आणि ती काढून टाकण्यास कोणाला सांगायचे, हे त्यात स्पष्ट असावे. मुलाचे पूर्ण नाव, शाळा वा पत्ता पडद्यावर दाखवू नये. केवळ नातलगांसाठी असलेली चित्रफीत दुवा मिळालेल्यांनाच दिसेल अशी ठेवता येते. टिप्पण्याही बंद करता येतात. मात्र दुवा पुढे पाठविला जाऊ शकतो, हे पालकांना सांगितले पाहिजे.

प्रार्थनेस आलेल्या प्रत्येकाला आपला चेहरा सार्वजनिक व्हावा असे वाटतेच असे नाही. त्यामुळे कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेरील काही रांगा राखून ठेवणे आणि तशी सूचना दारात लावणे हा सौजन्याचा भाग होय.

आवाज, प्रकाश आणि वेळ

अशा चित्रफिती बहुतेक वेळा चित्रापेक्षा आवाजामुळे फसतात. शेवटच्या रांगेतील मोबाईलला मंचापेक्षा शेजारच्यांचा खोकला अधिक स्पष्ट ऐकू येतो. ध्वनिक्षेपकाच्या मिक्सरमधून थेट जोडणी घेणे किंवा मंचाजवळ वेगळा ध्वनिमुद्रक ठेवणे हा त्यावरील उपाय आहे. सुरुवातीस कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजविली, की संकलनाच्या वेळी आवाज आणि चित्र जुळविणे सोपे जाते.

भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते जाणवत नाही. परंतु चित्रफितीत रोषणाईवर आडवे पट्टे सरकताना दिसतात. सेकंदाला २५ चौकटी आणि शटरचा वेग एक-पन्नासांश सेकंद ठेवल्यास हा दोष बहुतांशी दूर होतो. मेणबत्तीच्या प्रार्थनेपूर्वी प्रकाशमान हाताने स्थिर करावे. अन्यथा कॅमेरा अंधार उजळण्याच्या प्रयत्नात ज्योतींचे पांढरे ठिपके करून टाकतो.

कार्यक्रमातच दाखवायची चित्रफीत असेल, तर ती चर्चच्याच प्रोजेक्टरवर, त्याच प्रकाशात तपासून पाहावी. संगणकावर सुंदर दिसणारे रात्रीचे दृश्य पडद्यावर काळेभोर होण्याची शक्यता असते. बहुभाषक श्रोत्यांसाठी संवादांची उपशीर्षके मोठ्या अक्षरांत द्यावीत.

इंटरनेटचा हिशेबही आधी मांडावा. सेकंदाला ८ मेगाबिट दराने तयार केलेली एका तासाची चित्रफीत सुमारे ३.६ गिगाबाइट भरते. ४ मेगाबिट वेगाच्या जोडणीवरून ती चढविण्यास दोन तास लागतात. यूट्यूबवर प्रथमच थेट प्रक्षेपण करणाऱ्या वाहिनीला ती सुविधा सुरू होण्यास २४ तासांपर्यंत थांबावे लागू शकते. त्यामुळे २४ डिसेंबरच्या संध्याकाळी खाते उघडणाऱ्यांना त्या रात्रीचे प्रक्षेपण साधेलच असे नाही. वाहिनीची पडताळणी, पालकांची संमतीपत्रे आणि गीतांची यादी ही तिन्ही कामे पहिल्या तालमीबरोबरच हाती घेणे श्रेयस्कर ठरते.