फेफऱ्याचे मूळ आणि मेंदूचे चित्र

भिवंडीजवळ वडपे येथे मुंबई–नाशिक महामार्गावर गोदामांचे ट्रक अडकले की मैलभर रांग लागते. विद्यार्थी मित्रांनो, ही कोंडी तुम्ही कशी सोडवाल? नाक्यावर ट्रक बंद पडला असेल, तर तो बाजूला ओढला की झाले. पण कोंडीचे मूळ पुढे ठाण्याकडे असेल, तर वडप्याचा नाका झाडून मोकळा केला तरी उपयोग नाही.

अपस्माराच्या, म्हणजे फेफऱ्याच्या शस्त्रक्रियेत हाच पेच असतो. मेंदूतील असंख्य चेतापेशी एकदम, बेताल विद्युत्‌संदेश सोडू लागल्या की झटका येतो. (कांदा किंवा चप्पल हुंगवून तो थांबत नाही. रोग्याला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये.) सुमारे एक तृतीयांश रोग्यांना औषधे पुरत नाहीत. त्यांतील काहींच्या मेंदूतला झटक्याच्या उगमाचा भाग काढून टाकता येतो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील ८० रोग्यांच्या अभ्यासात, शस्त्रक्रियेच्या गटातील ५८ टक्के रोगी वर्षअखेर शुद्ध हरपणाऱ्या झटक्यांतून मुक्त होते. केवळ औषधे घेणाऱ्यांत ८ टक्के. फरक मोठा खरा, पण उरलेल्या ४२ टक्क्यांचे काय? कवटी उघडण्यापूर्वीच हे सांगता येईल का?

वेल्लोरला डॉ. जेकब चांडी यांनी १९५२ साली अशी शस्त्रक्रिया केली, तेव्हा एम.आर.आय. नव्हते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९५ साली हे काम सुरू झाले, तोवर ते आले होते.

यात आपले नेहमीचे अनुस्पंदनच आहे. १.५ टेस्लाच्या क्षेत्रात, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या तीस हजारपटींहून अधिक बळात, शरीरातील पाण्याचे प्रोटॉन भोवऱ्यासारखे डुलतात. सुमारे ६४ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरी सोडल्या की ते ऊर्जा घेतात व परत देतात. पाणी मोकळे असेल तेथे हा प्रतिसाद जास्त वेळ टिकतो. कानाच्या आतल्या बाजूस, मेंदूत खोलवर ‘हिपोकॅम्पस’ हा भाग असतो. त्यातल्या पेशी मरून व्रण पडला, की तो चित्रात आक्रसलेला, पण उजळ दिसतो. असा डाग आणि मेंदूचा विद्युत्‌आलेख एकाच जागेकडे बोट दाखवत असतील, तर यशाची आशा बरीच वाढते.

चित्र निर्दोष आले, तर मात्र आशा कमी होते, संपत नाही. मग पेट तपासणीत, दोन झटक्यांच्या मधल्या काळात ग्लुकोज कमी वापरणारा मंद भाग शोधतात. आता चेतातंतूंतून पाणी कोणत्या दिशेने झिरपते ते मोजून मेंदूतील रस्त्यांचा नकाशाही काढतात व त्यावरून संगणकाकडून निकालाचा अंदाज घेतात. एका रुग्णालयाच्या रोग्यांवर शिकलेला असा संगणक दुसऱ्या रुग्णालयात तितकाच बरोबर ठरतो का, हे मात्र तेथील रोग्यांवर पारखूनच घ्यावे लागते.