कोणता खेळाडू ठेवावा?

अमेरिकेत बेसबॉलच्या चाहत्यांचा एक खेळ आहे, तो मैदानात न उतरता खेळतात. दहा-बारा मित्र लुटुपुटीचे संघ बनवतात. खऱ्या खेळाडूंचा लिलाव होतो. प्रत्येकाजवळ ठरावीक रक्कम असते, बहुधा २६० डॉलर. तेवढ्यात २३ खेळाडू घ्यायचे. मग खऱ्या सामन्यांतील कामगिरीवरून गुण मिळतात. लेखक डॅनियल ओक्रेंट यांनी मित्रांसह १९८० साली न्यूयॉर्कमध्ये या लिलावाच्या खेळाला सुरुवात केली. काही गटांत हंगाम संपल्यावर थोडे खेळाडू जुन्याच किमतीला पुढच्या वर्षासाठी ठेवता येतात. कोणते ठेवावेत?

'सर्वांत चांगले' हे उत्तर चटकन सुचते, पण ते चूक आहे. समजा, एक नामवंत खेळाडू आपण ३५ डॉलरला घेतला होता आणि पुढच्या वर्षी त्याचे मोल ३६ डॉलर असेल. दुसरा नवखा ३ डॉलरला मिळाला होता, त्याचे मोल १५ असेल. पहिल्याला ठेवून १ डॉलर वाचतो, दुसऱ्याला ठेवून १२. म्हणजे नवखाच ठेवावा. पण 'असेल' हे ठरवायचे कशावरून?

एफ्रॉन आणि मॉरिस या संख्याशास्त्रज्ञांनी १९७७ साली एक सुंदर उदाहरण मांडले. १९७० च्या हंगामातील १८ फलंदाजांच्या पहिल्या ४५ संधी त्यांनी घेतल्या. रॉबर्टो क्लेमेंटे १८ वेळा यशस्वी झाला होता. म्हणजे सरासरी ०.४००. सर्व अठरा जणांची मिळून सरासरी ०.२६५ होती. उरलेल्या हंगामात प्रत्येक जण कसा खेळेल? चार्ल्स स्टाइन यांच्या संशोधनाच्या आधारे त्यांनी प्रत्येकाचा आकडा गटाच्या सरासरीकडे ओढला. सरासरीपासूनच्या अंतराचा सुमारे पाचवा हिस्साच ठेवला. अठरापैकी सोळा जणांच्या बाबतीत हा अंदाज मूळ आकड्यापेक्षा अधिक जवळचा ठरला!

असे का व्हावे? ४५ संधींत कौशल्याबरोबर नशिबाचाही वाटा मोठा असतो. यादीत जो वर असतो, त्याला बहुधा दोन्हींनी हात दिलेला असतो. कौशल्य पुढे टिकते, नशीब टिकेलच असे नाही.

मात्र एक सावधगिरी हवी. क्लेमेंटेचा अंदाज ०.२९४ आला, प्रत्यक्षात त्याने पुढे ०.३४६ सरासरी राखली. तो त्याआधी चार वेळा आपल्या लीगमधील सर्वोत्तम सरासरीचा मानकरी होता. ही माहिती त्या ४५ संधींत नव्हतीच. म्हणून जुना पुरावा हाताशी असेल तर तोही जमेस धरावा.

हे वर्गात करून पाहता येईल. चाळीस मुलांना प्रत्येकी दहा वेळा नाणे उडवायला सांगा. दोघा-तिघांना आठ किंवा अधिक छाप मिळण्याची शक्यता आहे. त्यांनाच पुन्हा दहा वेळा उडवू द्या. आता छापांची संख्या बहुधा पाचाच्या आसपास येईल. मुलांचा 'हात' बिघडला काय?

घटक चाचणीचे गुण म्हणजे केवळ नाणेफेक नव्हे. पण एकाच चाचणीवरून एखाद्याला 'हुशार' किंवा 'ढ' ठरवताना आपणही ४५ संधींवर अख्खा हंगाम मोजत असतो. लुटुपुटीच्या संघातून वगळलेल्या खेळाडूचे काही बिघडत नाही. वर्गातल्या मुलाचे बिघडू शकते.