तिसऱ्या पेपरातला उजेड

पहाटे 5

घर जागं व्हायच्या आत तास-दीड तास मिळतो, तो माझा. ऊर्जा लेखापरीक्षक होण्यासाठी ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीची जी परीक्षा द्यावी लागते, तिचा तिसरा पेपर विजेवर चालणाऱ्या यंत्रणांचा. मोटर, कॉम्प्रेसर, पंखे, पंप, कूलिंग टॉवर, डिझेल जनरेटर, आणि या गर्दीत एक प्रकरण दिव्यांचं. सोबत अभ्यास करणारे बरेच जण ते शेवटी वाचायला ठेवतात. सूत्रं थोडी आहेत आणि कारखान्याच्या बिलात दिव्यांचा वाटा मोटरींपुढे किरकोळ. मी मात्र सध्या तेच धरून बसले आहे. मोटर वाईट असली तर बिल वाढतं. उजेड वाईट असला तर त्याची भरपाई कुणाचे तरी डोळे करत राहतात, आणि ती कुठल्याच मीटरवर येत नाही.

दिव्यातून निघतो तो ल्यूमेनमध्ये मोजायचा, कामावर पडतो तो लक्समध्ये. एका चौरस मीटरवर एक ल्यूमेन पडला की 1 लक्स. व्याख्या एवढीच, पण ल्यूमेनच्या पोटात माणसाचा डोळा आधीच बसवलेला आहे हे कळलं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवून बराच वेळ विचार करत राहिले. वॅटला डोळ्याशी देणंघेणं नाही. ल्यूमेन काढताना मात्र कोणत्या रंगाच्या किरणाला डोळा किती दाद देतो, ते धरतात. 555 नॅनोमीटरच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशाला डोळा सर्वांत तिखट असतो, तिथे 1 वॅट प्रकाशाचे 683 ल्यूमेन होतात. तांबड्या आणि जांभळ्या टोकांकडे जाताना हा आकडा झपाट्याने घसरतो. हा वक्र आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने 1924 मध्ये स्वीकारला आणि आजचे लक्समीटर त्यालाच जुळवलेले असतात. म्हणजे मीटर पाहतो तो एका सरासरी डोळ्याने.

6:45

चिंचवडहून चाकणला जाणारी कंपनीची बस. बसमध्ये तोंडी गणितं. दिवा 2 मीटरवर असताना 200 लक्स, तर 4 मीटरवर 50. अंतर दुप्पट, उजेड चौथाई. प्रकाश तिरका पडला तर कोनाच्या कोसाइनने आणखी कमी. मोशीपर्यंत उजळणी आटोपते.

8:30

पॅनलमधला एक ब्रेकर बदलायचा होता म्हणून लेथच्या ओळीवरच्या दिव्यांची सर्किटं शोधली. शेजारशेजारचे दिवे आर, वाय, बी अशा तीन वेगळ्या फेजवर होते. आमचे इलेक्ट्रिशियन मामा म्हणाले, "मॅडम, लेथवर एका फेजचा उजेड ठेवायचा नसतो. आमच्या वस्तादांनी तसंच शिकवलं."

वस्तादांचं शिकवणं आणि पुस्तकातला परिच्छेद इथे तंतोतंत जुळतात. आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर तांब्याच्या चोकची ट्यूब सेकंदाला 100 वेळा मंदावते. तीन जबड्यांचा चक मिनिटाला 2000 फेरे घेत असेल, तर दर लुकलुकीत तो नेमका एक तृतीयांश फिरतो आणि एका जबड्याच्या जागी दुसरा येतो. डोळ्याला चक थांबलेला दिसतो आणि हात पुढे जाऊ शकतो. दिवे तीन फेजवर वाटले की एक मंदावताना दुसरे तेजीत असतात. चांगल्या ड्रायव्हरच्या एलईडीत हा धोका फारसा उरत नाही, स्वस्त ड्रायव्हरमध्ये उरतो. परीक्षेत याला फार तर पाच गुण असतील. मला विचारलं तर हा प्रश्न सक्तीचा हवा.

11

तपासणीचं टेबल. मशीनिंग झालेले चकचकीत पार्ट इथे येतात आणि ताई त्यांच्यावरचे ओरखडे शोधतात. मीटर कामाच्या पातळीवर ठेवायचा आणि आपली सावली त्याच्यावर पडू द्यायची नाही, हा मोजणीचा नियम. तसं मोजल्यावर 320 लक्स आले.

मग ताईंना म्हटलं, "तुम्ही रोज बसता तशा बसा, मीटर आहे तिथेच राहू दे." त्या पार्टवर वाकल्या आणि आकडा 150 वर आला. दिवा त्यांच्या मागच्या बाजूला वर आहे. मोजणाऱ्याने सावली टाळायची हे योग्यच, पण काम करणारीला ती टाळता येत नाही.

"अवघड पार्ट असला की मी तो घेऊन खिडकीशी जाते," ताई म्हणाल्या. "तिथे ओरखडा लगेच दिसतो."

ताईंचं वय पन्नाशीपुढचं. साठीला डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोहोचणारा प्रकाश विशीच्या मानाने जेमतेम एक तृतीयांश उरतो. बाहुली आक्रसते, भिंग पिवळट होतं. आयएस 3646 या भारतीय मानकात म्हणूनच एका कामाला एकच आकडा नाही, तीन आकड्यांचा पट्टा आहे, उदाहरणार्थ 300-500-750. एरवी मधला घ्यायचा. चूक महागात पडणारी असेल किंवा काम करणाऱ्याच्या नजरेला गरज असेल तर वरचा. मानक लिहिणाऱ्यांनी ही सोय ठेवली याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. दिवे बसवताना हा पट्टा उघडून पाहणारे मात्र विरळा.

1

डबा. या वेळी छतातल्या पारदर्शक पत्र्यांखाली मीटर लावला तर दिव्यांचा हिशेबच राहत नाही. बाहेर उन्हात लाखभर लक्स असतात. पत्रे धुतले की काही दिवे दुपारभर बंद ठेवता येतील, हे वहीत टिपलं.

3

नव्या शेडचा हिशेब. 20 बाय 15 मीटर, कामाच्या पातळीपासून दिवे 5 मीटर वर, हवेत 300 लक्स. क्षेत्रफळ 300 चौरस मीटर, म्हणजे कामावर 90,000 ल्यूमेन पडले पाहिजेत. त्यातले काही भिंती आणि छत खातात, म्हणून उपयोग गुणांक 0.6, धूळ आणि दिव्याचं वय यांसाठी 0.8. भागाकार केला की 1,87,500 ल्यूमेन. 15,000 ल्यूमेनचा हायबे घेतला तर 12.5 दिवे. परीक्षेत 13 लिहायचं. शेडमध्ये 13 दिवे सरळ ओळींत बसत नाहीत. तीन ओळींत पाच-पाच, असे 15 लावले तर 360 लक्स मिळतात.

पण डोळ्याला फरक ठळक जाणवायला उजेड साधारण दीडपट व्हावा लागतो. मानकातले आकडे 200, 300, 500, 750 असे चढतात ते त्यामुळेच. 300 चे 360 झालेले कुणाच्या लक्षातही येणार नाहीत.

4:30

भांडारातून दुधी डिफ्यूझरची एक बॅटन मागवली आणि ताईंच्या टेबलाच्या डाव्या कडेला, जवळजवळ पार्टच्या पातळीवर, तात्पुरती बांधली. कडेने सरपटत येणाऱ्या प्रकाशात ओरखड्याची एक कड उजळते, दुसरी काळी पडते. उघडा दिवा चकचकीत धातूत आरशासारखा डोळ्यांत घुसला असता. दुधी पट्ट्याचं प्रतिबिंब मऊ राहतं आणि ओरखडा त्या प्रतिबिंबाला मधेच तोडतो. ताईंनी सकाळी खिडकीशी नेलेला पार्ट जागेवरच फिरवून पाहिला आणि बोट ठेवलं. "हा बघा." बॅटन 20 वॅटची आहे.

रात्री 9

मागच्या वर्षांच्या प्रश्नांत आयलरचं गणित हमखास सापडतं: प्रत्यक्षात दर चौरस मीटरला एका वॅटमागे किती लक्स मिळतात, भागिले तक्त्यातलं लक्ष्य. 0.75 किंवा वर आलं तर ठीक, 0.51 ते 0.74 आलं तर फेरविचार, 0.5 किंवा खाली आलं तर तातडीने काम. दुपारच्या शेडला लावून पाहिलं. 125 वॅटचे 15 दिवे, दर चौरस मीटरला 6.25 वॅट, उजेड 360 लक्स, म्हणजे एका वॅटमागे 57.6. लक्ष्याचे आकडे ट्यूब आणि पाऱ्याच्या दिव्यांच्या काळातले, त्यामुळे एलईडीची शेड सहज 1 च्या पुढे जाते आणि तपासणाऱ्याला करण्यासारखं काही उरत नाही. ताईंच्या टेबलाची सावली या भागाकारात कुठेच शिरत नाही.

परीक्षेत मी पद्धतीप्रमाणे "समाधानकारक" असंच लिहीन, कारण विचारलं आहे ते तेवढंच. कारखान्यासाठीच्या टिपणात मात्र गुणोत्तराच्या शेजारी आणखी एक रकाना आखला आहे: काम करणारी व्यक्ती जागेवर बसलेली असताना मोजलेले लक्स. पहिल्या ओळीत 150 भरून झाले. उद्या पॅकिंग आणि टूल-रूम.