कचऱ्यातील सोन्याचा कस : क्ष-किरण किती सांगतात?

वेल्समधील लँट्रिसंट येथे ब्रिटनच्या रॉयल मिंटने 2024 मध्ये नाणी पाडण्याहून वेगळा एक उद्योग सुरू केला. टाकाऊ विद्युत उपकरणांतील सर्किट बोर्डांपासून सोने काढणारा हा कारखाना वर्षाला 4,000 टनांपर्यंत बोर्ड हाताळू शकेल, अशा क्षमतेने उभारलेला आहे. अशा व्यवसायात रसायनांच्या आधी हिशेबाचा प्रश्न उभा राहतो. आलेल्या ढिगात सोने किती, आणि विकणाऱ्याच्या पदरात त्याचे किती पैसे पडावेत?

सोनाराच्या दुकानातील धूळ धुऊन सोन्याचे कण वेगळे काढणारे झारेकरी हा अंदाज अनुभवाने बांधत आले. आज भंगार व्यापाऱ्याच्या हाती त्यासाठी पिस्तुलासारखे दिसणारे एक्सआरएफ यंत्र असते. या यंत्रातील क्ष-किरण अणूच्या आतल्या कक्षेतील इलेक्ट्रॉन बाहेर फेकतात. रिकामी जागा भरण्यासाठी बाहेरच्या कक्षेतील इलेक्ट्रॉन आत येतो आणि दोन्ही कक्षांच्या ऊर्जेतील फरक नव्या क्ष-किरणाच्या रूपाने बाहेर पडतो. ही ऊर्जा प्रत्येक मूलद्रव्याची ओळखखूणच होय. ती अणुक्रमांकानुसार ठरावीक नियमाने वाढते, हे हेन्री मोस्ले यांनी मँचेस्टर येथे 1913 मध्ये सुरू केलेल्या प्रयोगांतून दाखवून दिले. दोनच वर्षांनी, वयाच्या 27 व्या वर्षी, ते गॅलिपोलीच्या रणांगणावर मारले गेले.

ब्रिटनमधील हॉलमार्क कार्यालयांतही दागिन्यांची शुद्धता तपासण्यासाठी ही पद्धत वापरली जाते. दागिन्यातील मिश्रधातू बहुधा सर्वत्र सारखा असल्याने तेथे ती उत्तम चालते. कचऱ्याच्या बाबतीत मात्र तीन अडचणी आड येतात.

पहिली अडचण खोलीची. धातूतून परत येणारे हे किरण मिलिमीटरच्या काही शतांशांपलीकडचे फारसे सांगत नाहीत. तांब्यावर सोन्याचा पातळ मुलामा असेल आणि यंत्राने संपूर्ण तुकडा एकजिनसी मानला, तर सोन्याचे प्रमाण प्रत्यक्षाहून कितीतरी अधिक दिसते.

दुसरी अडचण सरमिसळीची. सोन्याची एक मुख्य रेषा 9.71 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर येते, तर जस्ताची एक रेषा 9.57 वर. सर्किट बोर्डावरील पितळी भागांत जस्त असते. इतक्या जवळच्या दोन रेषा हातातील यंत्राला पूर्णपणे वेगळ्या करता येत नाहीत. गणिताने त्या सोडवाव्या लागतात, आणि सोने अत्यल्प असेल तेव्हा तेथेच चूक शिरते.

तिसरी आणि सर्वांत मोठी अडचण नमुन्याची. यंत्राच्या खिडकीसमोर येतो तो केवळ काही मिलिमीटरांचा भाग. समजा, 10 टन मालाच्या मोजणीत टनामागे 20 ग्रॅमची चूक झाली, तर हिशेबात 200 ग्रॅम सोन्याचा फरक पडतो. म्हणून माल आधी दळून, मिसळून, पुनःपुन्हा विभागून त्याचा प्रातिनिधिक नमुना काढावा लागतो. मोटारींच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधील प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम मोजताना आतील सिरॅमिकची बारीक पूड करतात आणि तशाच सिरॅमिकच्या प्रमाणित नमुन्यांशी यंत्र जुळवून घेतात. एवढी तयारी केली, तर एक्सआरएफचे आकडे विश्वासार्ह ठरतात.

तरीही सोन्याच्या मोठ्या व्यवहारात अंतिम आधार घेतला जातो तो अग्निपरीक्षेचाच. नमुना शिशाच्या ऑक्साइडसह मुशीत वितळवतात. तयार होणारे शिसे सोने-चांदी गोळा करते. मग सच्छिद्र वाटीत तापवले असता शिसे वाटीत शोषले जाते आणि उरलेला मणी आम्लाने चांदी विरघळवून तोलतात. शतकानुशतके चालत आलेली ही रीत संथ आहे. पण ती वेचक बिंदूऐवजी संपूर्ण नमुन्यातील सोने पकडते.

ढीग चाळणे, संशयास्पद माल बाजूला काढणे, प्राथमिक भाव ठरवणे या कामांत क्ष-किरणांच्या वेगाला तोड नाही. परंतु भंगार विकणाऱ्या छोट्या गॅरेजमालकाने पडद्यावरील आकड्यावर सौदा पक्का करण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : माल दळला होता का, यंत्र कोणत्या प्रमाणित नमुन्यावर जुळवले होते, आणि वाद झाल्यास त्याच नमुन्याचा राखून ठेवलेला भाग तिसऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवता येईल का? ही उत्तरे मिळाली, तरच त्या आकड्याला किंमत आहे.