गावठाणाच्या रेषेबाहेरची घरे

उरण तालुक्यातील जासई, नवघर, करळ, सोनारी या गावांवरून आज जाणाऱ्या प्रवाशाला कंटेनरांच्या राशी, रुंद रस्ते आणि 2024 च्या जानेवारीत वाहतुकीस खुला झालेला अटल सेतू दिसतो. परंतु त्या रस्त्यांच्या आड, भिंतीला भिंत लावून दाटीने वाढलेल्या घरांत राहणारे लोक पोटासाठी परमुलखातून आलेले नसून या भूमीचे पिढ्यान्‌पिढ्यांचे वहिवाटदार आहेत, आणि तरीही त्यांतील कित्येकांची घरे सरकारी दप्तरात अनधिकृत म्हणून नोंदली गेली आहेत, ही गोष्ट त्याच्या सहसा ध्यानी येत नाही.

हे घडले कसे, ते समजून घेण्यासारखे आहे. 17 मार्च 1970 रोजी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील 95 गावांची जमीन नव्या मुंबईसाठी संपादण्याचे ठरले. भातशेती, खाजण, मिठागरे हे सारे संपादनात गेले. वगळले ते मुख्यतः गावठाण. आता गावठाणाची रेषा कागदावर स्थिर राहते, पण कुटुंब स्थिर राहत नाही. मुलगा विभक्त झाला, नातवाचे लग्न ठरले, म्हणजे पूर्वी बांधालगतच्या आपल्याच जमिनीवर दोन खोल्या उभ्या राहत. संपादनानंतर तीच जमीन परकी झाली आणि तिच्यावर बांधलेले घर बेकायदा ठरले. लोकसंख्येच्या मानाने गावठाणाचा विस्तार करणे हे मुलकी खात्याचे जुने आणि मान्य कर्तव्य आहे. ते वेळेवर पार पडते, तर या घरांचा प्रश्नच उद्‌भवला नसता, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्या लोकांची ही जमीन गेली, त्यांना ती सुखासुखी मिळालेली नव्हती. उरणच्याच जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यातील चरी येथे, नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली 1933 पासून सुमारे सहा वर्षे कुळांनी खोतांची जमीन कसण्याचे नाकारले होते, आणि अशा लढ्यांतूनच पुढे कूळकायद्याची वाट मोकळी झाली. त्या आगरी-कोळी समाजाला एका पिढीच्या अंतराने पुन्हा रस्त्यावर यावे लागले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात 16 व 17 जानेवारी 1984 रोजी गोळीबार होऊन पाच शेतकरी हुतात्मा झाले, तेव्हा कोठे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व मान्य झाले.

परंतु ज्याची मिळकत सातबाऱ्यावर नव्हतीच, त्याचे काय? कोळ्याची शेती म्हणजे खाडी. ओहोटीला चिखलात उतरून निवट्या, खेकडे, कालवे गोळा करणाऱ्या स्त्रीचा आणि भरतीच्या बेताने डोल लावणाऱ्या पुरुषाचा हक्क कोणत्याही फेरफारात चढलेला नाही. बोंबील वाळविण्याच्या वलांड्या जेथे उभ्या राहतात ती जागाही बहुधा सरकारी पडीक म्हणूनच मोजली जाते. न्हावा-शेवा बंदरासाठी 1980 च्या दशकात शेवा कोळीवाडा उठविला गेला. सुमारे अडीचशे कुटुंबांचे ते गाव हनुमान कोळीवाडा या नावाने अत्यंत अपुऱ्या जागेत वसविण्यात आले, आणि तेथील घरे वाळवीने पोखरली गेली. पुढे बंदराच्या भरावामुळे खाडीच बुजू लागली, तेव्हा मच्छीमारांनी हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली, आणि 2015 मध्ये त्या न्यायासनाने 1,630 कुटुंबांना 95 कोटी 19 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. त्या निकालाचे मोल केवळ रकमेत नाही. खाडी ही उपजीविकेची मिळकत आहे आणि तिचा नाश भरपाईस पात्र आहे, हे त्याने मान्य केले, ते मला अधिक महत्त्वाचे वाटते.

अनधिकृत ठरलेल्या घरांना मान्यता देण्याची वाट इतरत्र फार पूर्वीच निघालेली आहे. आफ्रिकेच्या दक्षिण भागातील झांबिया देशाने 1974 मध्येच एक कायदा करून लुसाकासारख्या शहरांच्या कडेला आपण होऊन वसलेल्या वस्त्यांना सुधारणाक्षेत्र म्हणून जाहीर करण्याची व तेथील रहिवाशांना रहिवासाचा परवाना देण्याची तजवीज केली. त्या वस्त्यांत खेड्यांतून रोजगारासाठी आलेल्या लोकांचा मोठा भरणा होता. तरीही राज्याने त्यांचे पाय जमिनीवर टिकावेत हे कर्तव्य मानले. आपल्याकडे गरजेपोटी बांधलेली घरे नियमित करण्याचा शासननिर्णय फेब्रुवारी 2022 मध्ये निघाला, तोही गावठाणापासून 250 मीटरांच्या मर्यादेत आणि भाडेपट्ट्याने, म्हणजे एकेकाळच्या धन्याला त्याच्याच भूमीवर भाडेकरू करून.

माझी शासनाला विनंती आहे की, उरण-पनवेलच्या प्रत्येक गावठाणाची व कोळीवाड्याची मोजणी ग्रामस्थांना सोबत घेऊन व्हावी, घरांबरोबरच मासळी सुकविण्याची खळी आणि होड्या लावण्याची जागाही नकाशावर यावी, आणि मालमत्तापत्रकावर घरच्या पुरुषाबरोबर स्त्रीचेही नाव लागावे.