जार, दूध आणि खूर

कुंडलच्या उसाच्या पट्ट्यात म्हैस व्याली की शेजारी विचारतातच, "जार पडला का?" या प्रश्नाचं मला नेहमी अप्रूप वाटतं. जार म्हणजे वार. दहा महिने रेडकाला अन्न आणि प्राणवायू मिळाला तो हिच्यातूनच, आईचं रक्त त्याच्या रक्तात न मिसळता!

आता त्या रेडकाचं पाऊल हातात घेऊन बघा. खुराच्या टोकाला मऊ, पिवळट, रबरासारखी झालर असते. आत लाथा झाडताना आईला इजा होऊ नये म्हणून ही सोय. रेडकू चालू लागलं की ती झिजून जाते. खूर पोटातच घडून आलेला असतो.

लाल कांगारूची मादी मात्र 33 दिवसांतच विते. पिल्लू एक ग्रॅमचंही नसतं. घेवड्याच्या दाण्याएवढं, डोळे मिटलेले, मागचे पाय म्हणजे नुसते कोंब. पण पुढच्या पंजांना नख्या तयार! त्यांच्या जोरावर ते आईच्या केसांतून एकटं वर चढतं, पिशवीत शिरतं आणि सडाला चिकटतं. वार त्यांच्यातही असते, पण थोड्या दिवसांची. पुढची सगळी भिस्त दुधावर. तान्ह्यासाठी एका सडाला पातळ दूध आणि बाहेर हुंदडणाऱ्या थोरल्यासाठी शेजारच्या सडाला दाट, दोन्ही एकाच वेळी.

जन्मताच चढायचं तर पुढच्या पायाला पकड हवीच. म्हणूनच पिल्लाला पिशवीत वाढवणाऱ्या या शिशुधानी प्राण्यांत कुणाला वटवाघळाचे पंख फुटले नाहीत की देवमाशाची वल्ही, असं अनेक शास्त्रज्ञ मानतात. खुराच्या जवळ पोचला तो त्यांच्यातलाच डुकरपायी बँडिकूट, आणि तो विसाव्या शतकात नामशेष झाला.

तरी कांगारूला मागासलेला म्हणणं मला पटत नाही. कुंडलशेजारच्या सागरेश्वर अभयारण्यात, लोकांनी झाडं लावून उभ्या केलेल्या त्या रानात, काळवीट खुरांवर धावतं आणि गवत पोटात आंबवून पचवतं. ऑस्ट्रेलियात कांगारूनं गवत आंबवण्याची हीच युक्ती स्वतंत्रपणे साधली. दुष्काळात तर त्याची तऱ्हा उजवी. काळविटाची मादी पाच-सहा महिने पोटातलं ओझं वाहते. कांगारूच्या मादीचं पिशवीतलं पिल्लू दगावलं, तर पोटात थांबवून ठेवलेला गर्भ पुन्हा वाढू लागतो.

आणि ही शिशुधानी मंडळी आपल्याला परकी नाहीत. सुरत जिल्ह्यातल्या वस्तान लिग्नाइट खाणीत पाच कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचे शिशुधानी प्राण्यांचे दात सापडले. सुनील बाजपेयी आणि सहकाऱ्यांनी 2005 साली त्यांतल्या एकाला नाव दिलं इंडोडेल्फिस. ग्रीक भाषेत डेल्फिस म्हणजे गर्भाशय. त्याच खाणीत वटवाघळांचेही जीवाश्म निघालेत, पंख फुटलेल्या शेजाऱ्यांचे.